तेलाच्या कॅनवर लिहिलेली तारीख

डॉक्टरबाईंनी अहवालातल्या एका आकड्याभोवती पेनाने गोल केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "पण आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही." २०२३ ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. मी ५३ वर्षांची, इंदूरच्या लोकमान्य नगरात अठ्ठावीस वर्षे संसार केलेली. जिने चढताना दम लागतो एवढ्याच तक्रारीसाठी गेले होते आणि हातात कागद आला तो असा : एकूण कोलेस्टेरॉल २५८, एलडीएल म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉल १७९, एचडीएल म्हणजे "चांगले" ४२, आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातला मेद १८५. गोल होता तो १७९ भोवती. ग्वाल्हेरला माझ्या वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा ते ५३ वर्षांचे होते, हे मी सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले आणि मला नीट समजावून सांगायला घेतले.

कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते, हे माझे म्हणणे त्यांनी मान्य केले. पण दूध, साय आणि तूप हेही प्राणिजच आहेत, याची आठवण करून दिली. त्याहून महत्त्वाचे असे की, शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल पकडून आत ओढून घेणारे ग्राहक असतात. (मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांना १९८५ चे नोबेल मिळाले ते या शोधाच्या कामासाठी, हे मी पुढे वाचले.) आहारात संपृक्त स्निग्धांश, म्हणजे तूप, लोणी, साय, वनस्पती तूप, पामतेल, खोबरेल यांतला मेद वाढला की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तात फिरत राहते. पाळी गेल्यानंतर बायकांचे एलडीएल वाढते, ही गोष्टही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. थायरॉइड मंद असले तरी कोलेस्टेरॉल चढते, म्हणून ती तपासणीही झाली. ती व्यवस्थित निघाली. मधुमेह नव्हता, एलडीएल १९० च्या आत होते, त्यामुळे गोळी सुरू करण्यापूर्वी तीन महिने आहार बदलून पाहण्याची मुभा मला मिळाली. आकडा १९० च्या वर असता तर ती मुभा नसती, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

घरी आल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. समोर पाच लिटरच्या सोयाबीन तेलाची कॅन होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत "कोलेस्टेरॉलमुक्त" असे छापलेले होते. वर्षानुवर्षे मी तो शब्द वाचून समाधान मानत आले होते. वनस्पतीपासून काढलेल्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, तेव्हा त्या शब्दाने त्या तेलाविषयी वेगळे काहीच सांगितले जात नाही, हे तेव्हा उमगले. तेल किती वापरले जाते, हा प्रश्न मी स्वतःला कधीच विचारला नव्हता. किराणावाल्याची मागच्या पाच महिन्यांची बिले काढली. दर महिन्याला एक कॅन, दिवाळीच्या महिन्यात दोन. हे, सासूबाई, आमची मुलगी आणि मी अशी घरात चार माणसे. पाच लिटर तेलाचे वजन सुमारे साडेचार किलो भरते. चार माणसांत आणि तीस दिवसांत ते वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ३८ ग्रॅम येतात. मी दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे हा हिशेब तीनदा केला, कारण आमच्या घरी रोज काही तळले जात नाही.

उत्तर पळीत सापडले. माझी फोडणीची पळी ही माझ्या आईची, पितळेची, खोलगट. तिच्यात पाणी भरून ते औषधाच्या मापात ओतले, तर वाटले होते त्याहून बरेच अधिक भरले. सकाळच्या भाजीला एक पळी, आमटीला अर्धी, कणकेत मोहन म्हणून अर्धी, संध्याकाळच्या भाजीला एक, आणि भाजी खाली लागते आहे असे वाटले की हात आपोआप कॅनकडे. एकही पदार्थ तेलकट दिसत नव्हता आणि तरीही दिवसाअखेर दीडशे ग्रॅमच्या वर तेल कढईत गेलेले असायचे.

तेल झाल्यावर तुपाकडे वळले, आणि हा भाग सगळ्यांत अवघड होता. आमच्याकडे रोज दीड लिटर मलईयुक्त दूध येत असे. अशा दुधात सहा टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे दीड लिटरमागे ९० ग्रॅम. सासूबाई सकाळी दूध तापवून निवल्यावर वरची जाड साय सुरीने कडेकडेने सोडवून, एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवत. आठव्या दिवशी तिला विरजण लागे, दुसऱ्या दिवशी रवीने घुसळून लोण्याचा गोळा निघे, आणि तो कढताना घरभर जो वास पसरे त्यावर आमची मुलगी लहानपणी शाळेतून धावत येई, बेरीत साखर घालून खायला. ७९ वर्षांच्या सासूबाईंचे हे घरातले हक्काचे काम आहे. त्या आठवड्यात मी तुपाचे भांडे वजनकाट्यावर ठेवले : ३०० ग्रॅम. ते आम्ही आठवड्यात संपवत होतो. माणशी दिवसाला अकरा ग्रॅमच्या आसपास, त्यातले साठ टक्क्यांहून अधिक संपृक्त. सायीखेरीज दुधात राहिलेला मेद होताच. शिवाय शेव. इंदूरच्या घरात शेवेचा डबा मिठाच्या डब्याइतकाच नेमाने भरलेला असतो. पोह्यांवर, वरणभातावर, शेव-टोमॅटोच्या भाजीत, काहीच नसेल तेव्हा नुसती. पाकीट उलटून वाचले तर शंभर ग्रॅममागे ४० ग्रॅम मेद, आणि तेल पामचे. अर्धा किलो आम्हाला दहा दिवस पुरत असे.

सगळे मिळवले तेव्हा डाळी-दाणे न धरताही माझ्या वाट्याला रोज ६५ ग्रॅमच्या वर मेद येत होता, त्यात संपृक्त २० ग्रॅमहून अधिक. एक ग्रॅम मेदातून नऊ उष्मांक मिळतात. माझ्यासारख्या बैठे काम करणाऱ्या बाईला दिवसाला १८०० उष्मांक पुरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे संपृक्त मेदातून त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे वीस ग्रॅम, ही वरची मर्यादा. एलडीएल आधीच चढलेले असल्यामुळे डॉक्टरबाईंनी मला बारा ग्रॅमच्या आसपास यायला सांगितले होते.

मग मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही आजवर टिकल्या आहेत. नवीन कॅन फोडली त्या दिवशी तिच्यावर काळ्या मार्करने तारीख लिहिली. आणि पितळेची पळी वर ठेवून, चहाच्या चमच्याने तेल घालायला सुरुवात केली. एका भाजीला चार माणसांत तीन चमचे. कांदा परतताना चिकटू लागला तर तेलाऐवजी पाण्याचा हबका. कोबी, दुधी, गवार या भाज्या झाकणावर पाणी ठेवून वाफेवर होतात, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. पहिले दोन आठवडे चव उतरल्यासारखी वाटली, ती मोहरी पुरेशी तडतडत नव्हती म्हणून. छोट्या कढल्यात थोडे तेल खूप तापवून वेगळी फोडणी केली आणि ती शेवटी वरून दिली, तेव्हा तेवढ्याच तेलात स्वाद परत आला.

दुधाविषयी सासूबाईंशी बोलणे मी चार दिवस टाळले. शेवटी त्यांच्याजवळ बसून माझा अहवालच त्यांना वाचून दाखवला. "अगं, तुपानं कुणी मेलंय का आजवर?" असे त्या म्हणाल्या, आणि लगेच गप्प झाल्या, कारण माझ्या वडिलांना त्यांनी पाहिले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग मी साय काढायची नाही?" त्या प्रश्नाने माझ्या पोटात तुटले. आम्ही ठरवले ते असे : घरासाठी तीन टक्के स्निग्धांशाचे टोन्ड दूध एक लिटर, आणि त्यांच्यासाठी व देवाच्या नैवेद्यासाठी अर्धा लिटर मलईचे, वेगळ्या पातेल्यात. साय आता पंधरा दिवसांनी विरजते, लोण्याचा गोळा लिंबाएवढा निघतो, पण कढवतात त्याच. माझ्या वरणभातावर अर्धा चमचा तूप त्या स्वतः वाढतात, आणि तेवढेच वाढतात.

इथपर्यंत सगळे बरोबर चालले होते. चूक माझ्या हातून झाली ती उत्साहात. ओळखीच्या एका बाईंनी मला आहाराचा एक छापील तक्ता दिला होता, त्यात "स्निग्ध पदार्थ पूर्ण वर्ज्य" असे होते. मी शेंगदाणे बंद केले. अक्रोड, बदाम, तीळ बंद केले. संक्रांतीला तिळाचा लाडू तोंडाला लावला नाही. त्यामुळे दुपारी चारला पोटात खड्डा पडू लागला, आणि तो भरायला टोस्ट, मुरमुरे, खाकरे, "शून्य फॅट" लिहिलेली बिस्किटे, खजूर-गुळाचे बिनतुपाचे लाडू असे सगळे आले. जेवताना तुपाविना पोळी घशाखाली उतरेना म्हणून भात वाढला. तूप नाही, तेल नाही, तेव्हा हे सारे पथ्यातच आहे, असे मी मनापासून मानत होते.

मार्च २०२४ चा अहवाल : एकूण २४१, एलडीएल १५५, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २४०. एलडीएल चोवीसने उतरले होते, पण ट्रायग्लिसराइड पंचावन्नने चढले होते आणि जे एचडीएल वाढायला हवे तेच घटले होते. मला रडू आले. डॉक्टरबाईंनी मला रोजचे खाणे तासागणिक सांगायला लावले आणि टोस्टपाशी थांबवले. मैदा, साखर, गूळ, पांढरा भात यांतली जास्तीची साखर यकृत मेदात बदलते आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात पाठवते. ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल उतरलेले, ही जोडी आपल्या भारतीय लोकांत फार आढळते, आणि नुसते तेल-तूप कमी करून त्या जागी पीठ-साखर भरणाऱ्याला हाच अनुभव येतो. दाणे, अक्रोड, तीळ, जवस यांतला मेद बहुतांशी असंपृक्त असतो. तो काढायचा नव्हता, तुपाच्या आणि शेवेच्या जागी आणायचा होता. हे वाक्य मला नोव्हेंबरात कुणी सांगितले असते तर माझे तीन महिने वाचले असते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

त्याच भेटीत एक बारकावा कळला, तोही सांगते. अहवालातले एलडीएल बरेचदा थेट मोजलेले नसते, हिशेबाने काढलेले असते : एकूण आकड्यातून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. २४१ मधून ३८ आणि ४८ वजा केले की १५५. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर हे गणित लागू पडत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक अहवालात ही वजाबाकी करून पाहते, आणि आकडे मला परके वाटेनासे झाले आहेत.

दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघराची घडी वेगळी बसली. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे. जेवणात रोज एक उसळ किंवा घट्ट वरण. माळव्यात सोयाबीन शेतोशेती पिकते, त्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच आहे, आणि तरी आमच्या घरात सोयाबीन येत होते ते फक्त तेल होऊन. आता गव्हात मूठभर सोयाबीन आणि एक चतुर्थांश जव घालून दळून आणते. जवात आणि ओट्समध्ये विरघळणारा चोथा असतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त तयार करते. हा चोथा आतड्यात त्या पित्ताला धरून बाहेर नेतो आणि नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल खेचावे लागते. इसबगोलाचे कामही तेच. नीमच-मंदसौरकडे पिकणारा हा इसबगोल मी बद्धकोष्ठाचे औषध म्हणूनच ओळखत होते. रात्री जेवणाआधी दोन चमचे, भरपूर पाण्यातून, लगेच पिऊन टाकायचा. ठेवला की पेल्यातच घट्ट होतो.

बाहेरच्या खाण्याविषयी मला वाटली होती तेवढी अडचण आली नाही. इंदुरी पोहे मोठ्या परातीत वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत तेल बेताचे असते. जड होतात ते वरच्या मूठभर शेवेने आणि सोबतच्या जिलबीने. मी आता कांदा, लिंबू, जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि डाळिंबाचे दाणे मागते, शेव नको म्हणते. कचोरी मात्र पूर्ण सोडली, कारण एकच तेल दिवसभर तापत राहिलेले मी डोळ्यांनी पाहते. वनस्पती तुपातला ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि एचडीएल घटवतो, दोन्हीकडून नुकसान. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलांत आणि वनस्पती तुपात त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगले झाले, तरी खारी आणि नानकटाई मी घरात आणत नाही. पुण्याहून पाहुणे आले की सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणे होतेच. थंडीतले गराडू म्हणजे तळलेला कंद, तव्यावरचा भुट्ट्याचा कीस, हे इंदुरात राहून चाखायचे नाही असे मी ठरवलेले नाही. वर्षातून दोनदा, एक द्रोण चौघांत. दाल-बाफल्याच्या पंगतीत मी बाफला (कणकेचा उकडून भाजलेला गोळा) तुपात बुडवण्याआधी मागून घेते, आणि वाढणाऱ्याला कारण सांगते. कारण सांगितले की लोक आग्रह करत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

भिशीतल्या मैत्रिणींशी बोलताना मला कळले की आमच्या पंधराजणींत अकराजणींनी ही तपासणी कधी केलीच नव्हती. नवऱ्यांची सगळ्यांनी करून घेतली होती. ही गोष्ट मला अजून बोचते.

चालणेही वाढवले. पिपल्यापाल्याच्या तळ्याकाठी सकाळी चाळीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. हे सोबत असतात. जुलै २०२४ पर्यंत वजन ६८ वरून ६३ झाले. त्या महिन्याचा अहवाल : एकूण २०६, एलडीएल १३४, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १४०. जिना चढताना दम लागणे थांबले होते. मला वाटले, याच वाटेने गेले की पुढच्या खेपेला शंभराच्या आत येईन.

तसे झाले नाही. ऑक्टोबरात एलडीएल १३१ होते. मी कुठेही ढिलाई केली नव्हती. वहीत रोजची नोंद होती, ती डॉक्टरबाईंनी पाहिली. त्या म्हणाल्या, "आहाराने जेवढं उतरायचं तेवढं उतरलं. उरलेलं तुमचं यकृत ठरवतं, आणि ते तुम्हाला वडिलांकडून मिळालंय." त्या रात्री मी यांच्याशी आणि मुलीशी बोलले. वडिलांनी दुसऱ्या झटक्यापूर्वीची तीन वर्षे पथ्य काटेकोर पाळले होते, हे मला आठवत होते. तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आपल्याकडे सहज मिळत नव्हत्या. यकृताची तपासणी करून मी रोसुव्हास्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. सहा आठवड्यांनी एलडीएल ८४ आले. आहाराने ४८ उतरले आणि गोळीने ४७. मला या दोन्ही आकड्यांचे सारखेच समाधान आहे. गोळी सुरू झाली म्हणून तुपाचा चमचा मोठा करू नका, असे त्यांनी बजावले. तशी इच्छाही झाली नाही, कारण आता जुन्या मापाने केलेली भाजी कुणाकडे खाल्ली तर ती मला ताटात ओघळताना दिसते.

घराण्यातली गोष्ट आहे म्हटल्यावर मुलीचीही तपासणी झाली. ती २६ वर्षांची, सडसडीत. तिचे एलडीएल १३८ निघाले. तिला औषध नाही, वर्षाने पुन्हा पाहायचे आहे. शेवेचा डबा तिनेच खालच्या फळीवरून माळ्यावर नेऊन ठेवला, आणि रविवारचा स्वयंपाक ती करते. पाच लिटरची कॅन आता बावन्न-त्रेपन्न दिवस पुरते, माणशी २२ ग्रॅम. सध्याच्या कॅनवर मार्करने तारीख लिहिली आहे ती तिच्या अक्षरात. काल भाजी फोडणीला टाकताना मी ती कॅन हलवून पाहिली. महिना होत आला, आणि अजून दोन बोटे कमी निम्मी शिल्लक आहे.